मार्तीन्योचं मैदान

माद्रिद,
१४ सप्टेंबर

ती. दोरिंदा मावशीस,
ब्राइसचा सा. न. वि. वि.

हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर नाही, तेव्हा एक तर टपालवाली मारुशा माझी पत्रं खाते, किंवा तू माझ्यावर रुसली आहेस. मार्तीन्यो गेल्याची बातमी फोनवर आली तेव्हापासून तू फोनला हात लावत नाहीस, म्हणून तर अख्ख्या संघात पत्रं लिहिणारा मी एकटा उरलोय. पोरांना वाटतं मी कुणाला तरी चोरून प्रेमपत्रं पाठवतो. मावशीला लिहितो म्हटलं तर आणखीच हसतात.

खेळ बरा चाललाय. पहिल्या अकरांत माझी जागा जवळजवळ पक्की झाली. गेल्या रविवारी डाव्या पायाने गोल झाला, आणि देशाच्या संघाच्या यादीतही नाव येईल अशी कुजबुज आहे. तू पाठवलेले कालवांचे डबे आणि खारवलेलं डुकराचं मांस आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी जप्त केलं. त्याचं पुढे काय झालं ते त्यांच्या गालांवर दिसतं.

तरी खरं सांगू का, करमत नाही. पाव आणायला खाली उतरलो तरी लोक फोन काढून उभे राहतात, आणि वर घरात आलो की बोलायला भिंती. आईला तुझ्याबद्दल विचारलं की ती हवापाण्यावर घसरते. माझं काही चुकलं असेल तर सरळ लिही. लहानपणी चपलेने मारायचीस तेव्हा निदान कारण तरी सांगायचीस.

रागाव हवी तितकी, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
ब्राइस


कोर्वेलो,
२४ सप्टेंबर

चि. ब्राइस यास,
दोरिंदा मावशीचे अ. उ. आ.

तुझी तिन्ही पत्रं पोचली. मारुशा बिचारी पावसातसुद्धा वेळेवर येते, तिला नावं ठेवू नकोस. इकडे द्राक्षं यंदा लवकर उतरवली. तुझा गोल पाहिला. गोल छान होता, पण केस असे का कापून घेतलेस? बकरीने चरून सोडल्यासारखे दिसतात.

आता मुद्द्याचं. ऑगस्टमध्ये मैदानावरची मार्तीन्योच्या नावाची पाटी उतरवली आणि तुझ्या नावाची लावली. सरपंच इशिनिओने तुझं पत्र बारमध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. गावाने दिलेला हा मान मी आनंदाने स्वीकारतो, वगैरे, आणि खाली तुझी सही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या आईनेही वाजवल्या. पोटच्या पोराचं नाव, आनंद होणारच, त्यात सबेलाचं काही चुकलं नाही. मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि ती रडायलाच लागली. मीच तिला समजावत घरी नेलं, आणि तुला काही सांगायचं नाही असंही मीच बजावलं.

तुला ठाऊक आहे, माझ्या पोराला कबर नाही. लाटा मागे हटल्या की खडकाला चिकटलेले पेर्सेबे शिंपले खरवडायचे आणि पुढची लाट यायच्या आत वर पळायचं, हे काम तो शाळेत असल्यापासून करत होता. त्या दिवशी समुद्राने त्याला नेलं ते परत दिलं नाही. नोव्हेंबरच्या एक तारखेला, संतांच्या दिवशी, सगळं गाव शेवंती घेऊन दफनभूमीत जातं, आपापल्या माणसांपाशी. मी कुणापाशी जाणार? गावाने आपल्या गोलकीपरचं नाव मैदानाला दिलं तेव्हा मला जागा मिळाली. दरवर्षी त्या पाटीखाली मी माझी फुलं ठेवते.

यंदा कुठे ठेवू? तुझ्या नावाखाली मी ती ठेवणार नाही. गेलेल्याची फुलं जित्या पोराच्या नावाखाली ठेवायची, छे, असा विचारसुद्धा मला नको. तू शंभर वर्षं जग.

तू मागितलं असतंस तर मी नाही म्हटलं नसतं. तू विचारलंही नाहीस, याचं वाईट वाटलं. बाकी सर्व ठीक. जेवणाची आबाळ करू नकोस.

आशीर्वाद आहेतच, ते रागात कमी होत नसतात.

तुझी मावशी,
दोरिंदा


माद्रिद,
१ ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी सरावाला गेलो आणि काहीच धड करू शकलो नाही. प्रशिक्षकांनी बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. मी हो म्हणालो.

मावशी, ते पत्र मी लिहिलेलं नाही. मी ते पाहिलेलंही नाही. माझी कामं बघणाऱ्या एजंटाच्या कचेरीत एक मुलगी बसते. शाळा, दवाखाने, गावं, सगळ्यांना माझ्या नावाने तीच गोड गोड उत्तरं देते आणि माझी छापील सही लावते. सतराव्या वर्षी मीच तशी परवानगी देऊन ठेवली, कारण मला फक्त खेळायचं होतं. तिला मी फोन केला. ती म्हणाली, गावच्या मैदानाला नाव दिलं तर कुठला खेळाडू नको म्हणतो? तिचं तरी काय चुकलं? मार्तीन्यो कोण हे तिला कुणी सांगितलं होतं?

मला डाव्या पायाने मारायला त्याने शिकवलं. माझ्या उजव्या पायातला बूट काढून स्वतःच्या कमरेला बांधायचा आणि गोलमध्ये उभा राहून म्हणायचा, आता मार. मी रडायचो, तो हसायचा. मावशी, या महिन्यात मी त्याच्यापेक्षा वयाने मोठा होणार. मला तो अजून खूप मोठा वाटतो, आणि कधी कधी त्याचा चेहरा पटकन डोळ्यांसमोर येत नाही. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

पाटी उतरवायला लावतो. इशिनिओशी आज बोललो, तो ऐकत नाही. ऐकायला लावीन.

मी विचारलं नाही असं मात्र मनात ठेवू नकोस. तेवढं काढून टाक आणि पूर्वीसारखी माया कर.

तुझा,
ब्राइस


कोर्वेलो,
१२ ऑक्टोबर

चि. ब्राइस यास अ. उ. आ.

मी तुझ्याबद्दल असा विचार केला याची मला लाज वाटते. घरात एकटं बसलं की डोकं वाटेल तिकडे पळतं.

इशिनिओ बदामाचा केक घेऊन येऊन गेला. केक त्याच्या बायकोने केला होता, म्हणून ठेवून घेतला. त्याचं म्हणणं, पोरांना तुझ्या नावाच्या मैदानावर खेळायचंय, शेजारच्या गावांतली पोरंसुद्धा आता इकडे येतात, मुलींचाही संघ झालाय. हे खोटं नाही. परवा बेकरीत त्यांतल्या एकीला मी सहज विचारलं, मार्तीन्यो कोण होता गं? ती म्हणाली, मैदानाचं जुनं नाव. चुणचुणीत पोर आहे, मला हात धरून रस्ता ओलांडायला मदत करत होती. मी घरी येऊन पाव तसाच टेबलावर टाकला आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिले.

तेव्हा तू भांडू नकोस. परसात शेवंतीला कळ्या धरल्यात, यंदा पांढरी भरपूर आहे. सबेला म्हणते, खडकांवर जाऊन समुद्रात सोड. ते मला जमायचं नाही. तिकडे मी त्या दिवसापासून पाठ फिरवली आहे. समुद्राला फुलं दिली म्हणजे पोरगा त्याच्याकडे आहे हे मान्य केलं, आणि मग दाराला कडी लावायला हरकत नाही. माझ्या दाराला अजून रात्री कडी नसते, तुला माहीत आहे.

वाढदिवसाचे आशीर्वाद. मोठा झालास, तसाच होत राहा.

माझी काळजी कमी कर आणि पत्रं जास्त लिही. मायेला काही धाड भरलेली नाही.

तुझी मावशी,
दोरिंदा


माद्रिद,
२९ ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न. वि. वि.

जमलं. इशिनिओला मी सांगितलं की पाटी बदलली नाही तर मी त्या मैदानात पाय ठेवणार नाही, आणि हे वर्तमानपत्रात सांगेन. गाव रुसलंय. बारमधला माझा फोटो उतरवलाय म्हणे. उतरवू देत, त्या फोटोतही केस वाईटच होते.

जुनी पाटी इशिनिओच्या गोठ्यात पडली होती. सुताराने घासून पुसून ठेवली आहे. संतांच्या दिवशी पहाटे, कुणी उठायच्या आत, तो ती जागेवर लावणार आहे. आईला मी शपथ घातलीय, तुला आधी बोलायचं नाही. हे पत्र तुला आदल्या दिवशी मिळेल. तू फक्त तुझी शेवंती घे आणि नेहमीच्या जागी जा. तू पाटी पाहतेस तेव्हा मी तिथे नसणार, याचंच वाईट वाटतं. त्या संध्याकाळी इथे सामना आहे.

मावशी, खूप दिवसांनी काहीतरी स्वतःच्या हाताने केल्यासारखं वाटतंय.

तू खूश झालीस एवढं दोन ओळींत कळव, मला वर्षभर पुरेल.

तुझा,
ब्राइस


कोर्वेलो,
४ नोव्हेंबर

चि. ब्राइस यास अ. उ. आ.

तुझं पत्र काल मिळालं. मध्ये सण आला, टपाल अडकलं. मारुशाचा दोष नाही. तुझ्या आईने शपथ पाळली, तिचाही दोष नाही. कुणाचाच नाही, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना स्वतःला लावून घेणार नाहीस.

संतांच्या दिवसाच्या आदल्या रात्री मला झोप आली नाही. त्या बेकरीतल्या पोरीचं बोलणं डोक्यातून जाईना. मनाशी म्हटलं, दोरिंदा, पाटी त्याला धरून ठेवणार नाही आणि उघडं दारही नाही. तांबडं फुटायच्या आत परसातली सगळी शेवंती कापली. मैदानावरून गेले असते तर तुझं नाव दिसलं असतं, म्हणून मागच्या पायवाटेने खडकांवर गेले. इतक्या वर्षांनी समुद्राकडे तोंड करून उभी राहिले. खूप शिव्या दिल्या त्याला, मग फुलं दिली. एकही मागे ठेवलं नाही. मार्तीन्योला सांगितलं, बाळा, आता मी वाट बघत नाही, तू तिथेच नीट राहा. घरी येऊन दाराला कडी घातली आणि रडले.

दुपारी तुझी आई धावत आली, मैदानावर चल म्हणाली. गेले. पाटीवर त्याचं नाव होतं, धुऊन पुसून लखलखीत. आणि खाली फुलंच फुलं, रे. दफनभूमीतून परतताना प्रत्येकाने एकेक ठेवलं होतं, तुझ्यावर रुसलेल्यांनीसुद्धा. इशिनिओनेही. माझ्याच हातात काही नव्हतं. माझ्या पोराच्या नावापुढे मी परक्यासारखी रिकाम्या हाताने उभी राहिले. लोक माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, म्हणून मी हसले. तू केलंस ते माझ्यासाठी केलंस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण मी त्याला त्याच सकाळी सोडून आले होते, ब्राइस. तुझं पत्र वेळेवर मिळालं असतं तर आणखी किती वर्षं सोडला नसता, देव जाणे. बरं झालं की वाईट, मला सांगता येत नाही.

संध्याकाळी सामना पाहिला. गोल केलास आणि दोन्ही बोटं आकाशाकडे केलीस. समालोचक म्हणाला, कुणा गेलेल्याची आठवण असावी. मी टीव्हीपुढे एकटीच बोलले, वर नाही रे, तो खाली पाण्यात आहे.

नाताळात सुट्टी मिळेल तेव्हा ये. खडकांवर आपण दोघं जाऊ. मी गेले तेव्हा शिव्या आणि निरोप एवढंच जमलं, मग पुढे त्याच्याशी काय बोलायचं ते सुचेना. तुम्ही दोघं भेटलात की बडबड थांबायची नाही. तू बोल, मी शेजारी बसेन.

आशीर्वाद आता सगळे तुझ्या एकट्याच्या नावाने, सांभाळून ठेव.

तुझी मावशी,
दोरिंदा