थकवा बंद, प्रेस चालू

२२ सप्टेंबर
निवेदिताशी लेखी करार केला. जिल्हा स्पर्धेतून लातूर विभागाच्या संघात तिची निवड झाली, तर बास्केटबॉल चालू राहील. न झाल्यास खेळ बंद; दिवाळीनंतर लातूरला मामाकडे राहून डॉक्टरकीचा क्लास. तिने वाचून सही केली. चंद्रप्रभा म्हणाली, पोटच्या पोरीशी करार करताय, उद्या जावयाकडून बाँड लिहून घ्याल. पत्नीच्या विनोदांची नोंद ठेवण्याचे कारण नाही.

२४ सप्टेंबर
शाळेचा सराव पाहिला. क्रीडाशिक्षक हणमंतप्पा, अणदूरचे. वीस वर्षे शिट्टी फुंकत आहेत. कागदावर एक आकडा नाही. मुली मागे राहून दम राखतात आणि शेवटच्या पाच मिनिटांत धावतात. याला ते 'जमंल तसं' म्हणतात. संख्याशास्त्रात पीएच.डी. केलेल्या माणसाने हे मुकाट्याने पाहणे अशक्य.

२५ सप्टेंबर
लॅपटॉपवर बास्केटबॉल प्रशिक्षकाचा गेम उतरवून घेतला. खेळाडूंचे गुण भरायचे, डावपेच निवडायचे, बटण दाबायचे. सामना संगणक खेळतो. अखेर शिस्तीचे वातावरण.

२७ सप्टेंबर, सकाळी ५.३०
आपल्या पाचही मुली नावानिशी भरल्या. निवेदिता: पासिंग ८८. तामलवाडीची समृद्धी, उंच आणि तोंडाळ: रिबाउंड ९१. प्रत्येक डावपेचाचे पन्नास सामने. झोन: २६ विजय. मॅन-टू-मॅन: २९. फुल-कोर्ट प्रेस, म्हणजे मैदानभर प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावत राहणे: ४८!
'थकवा' असाही एक पर्याय असतो. त्याने निकालांत अकारण चढउतार येतात, म्हणून बंद ठेवला. प्रयोग शुद्ध हवा.

२९ सप्टेंबर
हणमंतप्पांना आलेख दाखवला. म्हणाले, सर, तुम्ही लई शिकलेले, पण ह्या पोरी हायत, बटणं न्हायत. पहिल्या क्वार्टरलाच दम गेला तर पुढं काय? मी विचारले, याला संदर्भ कोणता? म्हणाले, संदर्भ तिथं मैदानात धापा टाकत बसलाय, बोलावू का? उद्धटपणा. मी शालेय समितीचा सदस्य आहे, याची सौम्य आठवण करून दिली. प्रेस मंजूर.

३ ऑक्टोबर
घटस्थापना. आमच्या पुजारी घराण्याची शिस्त: नऊ दिवस धान्य नाही, फराळ एकदाच, तोही दिवेलागणीनंतर. निवेदिता बारा वर्षांची झाल्यापासून पाळते. मला आम्लपित्त असल्याने दुपारी दोन पोळ्या घ्याव्या लागतात. रुग्णाला शास्त्रात सवलत आहे.
चंद्रप्रभा म्हणाली, नऊ तारखेला पोरीची स्पर्धा आहे, यंदा तेवढी सूट द्या, देवी काही रागवायची नाही. उत्तर दिले: व्रतात आणि प्रयोगात मध्येच अटी बदलत नाहीत. वाक्य चांगले साधले.

५ ऑक्टोबर
सरावात निवेदिता दोनदा खाली बसली. ऊन फार. समृद्धीने तिला केळे दिले. निवेदिताने माझ्याकडे पाहिले आणि केळे परत केले. तिचा निर्धार पाहून समाधान वाटले.
येताना तिने विचारले, बाबा, तुमच्या गेममधल्या मुली दमतात का? मी म्हणालो, उत्तम संघ दमत नसतो. ती बुटाची नाडी बांधायला खाली वाकली. पटले असावे.

८ ऑक्टोबर
अखेरची चाचणी. शंभर सामने, सत्त्याण्णव विजय. संकल्प: उद्या जिंकल्यावर हणमंतप्पांना टोचून बोलायचे नाही. केवळ आलेख पुन्हा दाखवायचा.

९ ऑक्टोबर, धाराशिव. दुपारी १.४०
पहिला क्वार्टर: १४-४, आपण पुढे. निवड समितीचे तिघे सारखे वहीत लिहीत आहेत. निवेदिताचेच नाव असणार. हणमंतप्पांकडे दोनदा पाहिले. संकल्प पाळणे कठीण जात आहे.

२.०५
१६-१९. मुली चालत आहेत. हणमंतप्पा म्हणाले, सर, पोरींना मागं घेऊ द्या, हात जोडतो तुम्हाला. नकार दिला. शंभरात तीन पराभव गृहीतच असतात. हा त्यांपैकी एक ठरेलच असे नाही.

२.२०
निवेदिता मध्यरेषेवर पडली. घसरली असावी.

सायंकाळी ६.१५, दवाखाना
घसरली नव्हती. रक्तातली साखर उतरली होती. सलाईन चालू आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारले, हिने शेवटचे कधी खाल्ले? माझ्या आधी समृद्धी बोलली: काल अंधार पडल्यावर, रताळं. मग माझ्याकडे वळून: आमच्यात बैलालाबी औताच्या दिवशी पेंड जास्त घालतेत, काका. असभ्य मुलगी.
चंद्रप्रभा निवेदिताचे पाय चेपत बसली आहे. हणमंतप्पांनी फक्त चहा आणून दिला. ते बोलले असते तर उत्तर देता आले असते.
निकाल १८-४१. विभागीय संघाच्या यादीत निवेदिता नाही. वयामुळे सतरा वर्षांखालील या गटात पुढच्या वर्षी तिला खेळता येणार नाही.

१० ऑक्टोबर
पराभवाची कारणे: सिमेंटचे कोर्ट, दुपारची वेळ, पंचांची दृष्टी.
केवळ पूर्णतेसाठी 'थकवा' चालू करून प्रेसचे पन्नास सामने घेतले. विजय शून्य. आणखी पन्नास घेतले. शून्य. नमुना लहान आहे.

१३ ऑक्टोबर
उदारपणे करार रद्द केला. एकोणीस वर्षांखालील गट आहेच. तिने खेळावे, हवे तर हणमंतप्पांच्या पद्धतीने. स्वतः सांगायला तिच्या खोलीत गेलो.
बॅग भरत होती. म्हणाली, नको बाबा, दिवाळीपर्यंत तरी कशाला थांबायचं, मी उद्याच लातूरला जाते. मी म्हणालो, पण खेळ तुला आवडतो. म्हणाली, आवडायचा.
आवाजात राग नव्हता. राग असता तर मुद्देसूद खोडला असता. काही हवे का, असे विचारले. म्हणाली, त्या गेममधून माझं नाव तेवढं काढून टाका.
काढले. पडद्यावर सूचना आली: संघात चारच खेळाडू आहेत, सामना सुरू करता येणार नाही.