मिनिटाला एक फेरा

३ जानेवारी
वीज ऑफिसातले साहेब आले. म्हणे, मीटर निम्म्याने हळू चालतोय. सील काढून कोणीतरी आत हात घातलाय. बरोबरचा माणूस हसला – "कुंपणानेच शेत खाल्लं!" ह्यांनी तीस वर्षं त्याच ऑफिसात लोकांचे मीटर तपासले. जाऊन चौदा महिने झाले, आणि आता चोर! चहा घेता का, एवढंच विचारलं.

४ जानेवारी
धाकट्या भावाला फोन केला. तो वायरमन, त्याला यातलं कळतं. "सोड ना ताई. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"
मला पडतो.

६ जानेवारी
ह्यांचं पुस्तक काढलं. तिसऱ्यांदा वाचल्यावर डोक्यात शिरलं. विजेचा दाब आणि प्रवाह, दोन्हींच्या जोराने आतली चकती फिरते. जास्त वीज, जास्त वेग. आपल्या मीटरवर छापलंय – एका युनिटला सहाशे फेरे. म्हणजे शंभर वॅटचा एकच दिवा लावला तर मिनिटाला एक फेरा. चकतीवरची लाल खूण समोर आली की मोजायचं. एवढं सोपं! उद्या मोजते आणि आकडा साहेबांपुढे ठेवते.

७ जानेवारी
सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा. चकती थांबली. मग एक दिवा लावला. स्टुलावर उभी राहून, घड्याळ हातात धरून, दहा मिनिटं. पाच फेरे.
दिवा बदलला. पाच.
शेजारणीचा आणला. पाचच.
अहो, तुम्ही?

८ जानेवारी
ह्यांच्या फोटोकडे बघितलं नाही.

९ जानेवारी
भाऊ आला. दारातच म्हणाला, "दाजींनी नाही, मी केलं. ते गेल्यावर तू बिलाच्या धाकाने हीटर लावायची नाहीस. हात काळेनिळे पडायचे तुझे! एक तार टाकून निम्मी वीज बाजूने वळवली." रडला. "ताई, लायसन्स जाईल गं. पोरींचं काय करू?"
दोन दिवस मी ह्यांना चोर समजले! आता ह्यांना सोडवावं तर हा अडकतो. पाणी दिलं.

१० जानेवारी
ऑफिसात गेले. म्हटलं, ह्यांनी नाही केलं. साहेब म्हणाले, "मग कोणी?"
"मी," म्हटलं. लिहून दिलं. सही केली.