धूळ पुसायची होती, लावायची नव्हती

ती. नानांना,

धाकट्या जावयाचा वाकून नमस्कार. या खेपेला नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकलो आहे, कारण मान वर करून तुमच्याकडे बघायची छाती होत नाही. का ते पुढे येईलच.

डोळा कसा आहे? मोतीबिंदू निघाला आणि आता भिंतीवरच्या घड्याळातला सेकंदकाटासुद्धा स्वच्छ दिसतो, असं ताईंनी फोनवर सांगितलं. ऐकून आनंद झाला आणि त्याच क्षणी त्या डोळ्याला घरी आल्यावर काय काय दिसेल तेही मनात आलं. थेंब वेळेवर घालत असालच. खाली वाकू नका, जड उचलू नका. अजून आठवडाभर तुम्हाला वाचायला बंदी आहे, तेव्हा हे पत्र ताईच वाचून दाखवणार हे मी धरून चाललो आहे. (ताई, तुम्ही बातम्या दिल्यासारखं भरभर वाचता. हे सावकाश वाचा. आणि कंसात मी तुमच्याशी जे बोलेन ते मनातल्या मनात वाचा.) इकडे आम्ही दोघं ठीक. तुमच्या खोलीची खिडकी रोज उघडतो, कुंड्यांना पाणी घालतो. एक कुंडी गेली, पण ती जाणारच होती.

ऑपरेशनसाठी ताईंकडे निघताना तुम्ही मला एकच काम सांगितलं होतंत, की बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात तुमचे रेल्वेचे सहा छोटे मालडबे आहेत, त्यांच्यावरची धूळ पुसत जा. नाना, मी धूळ लावली. (ताई, थांबा. त्यांना पाणी द्या.)

आता पहिल्यापासून सांगतो. तुम्ही गेल्याच्या चौथ्या दिवशी आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दातांचा एक साचा द्यायला घरी आल्या. कपाटासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अय्या, खेळणी किती गोड आहेत!" खेळणी! मला ते तुमच्या वतीने फार झोंबलं. तीन वर्षं तुम्ही पत्र्याचे आणि लाकडाचे तुकडे कापून, एका केसाच्या ब्रशने आकडे काढून ते डबे उभे केलेत, आणि या बाईंना ती खेळणी वाटतात? त्या गेल्यावर मी बराच वेळ डब्यांकडे पाहत बसलो आणि मला वाटलं की दोष त्यांच्या चकाकीचा आहे. खरा मालडबा कधी असा चकाकतो का? तुम्हाला माहीत आहे, मी बावीस वर्षं खोटे दात करतो. ज्याचे बाकीचे दात पिवळट, त्याच्या नव्या दातालाही तेवढाच पिवळटपणा द्यावा लागतो, तपकीर ओढणारा असेल तर मुळाशी एक मळकट रेघ ओढावी लागते, नाहीतर एकटा पांढराशुभ्र दात तोंडात जावयासारखा अवघडून बसतो. तेव्हा नव्याला जुनं दाखवण्यात आपला हात कोण धरणार, असं मला वाटलं. माणसाला त्याच्या धंद्याने एवढा गर्व द्यायला नको.

छंदाचं सामान विकणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदार फार हळू बोलणारा. त्याने सांगितलं की आधी चकाकी घालवणारं वार्निश द्या, म्हणजे वरचा रंग धरून राहतो. मग काळपट तपकिरी रंग पाण्यासारखा पातळ करून फासा आणि फडक्याने वरून खाली ओढत पुसा, कारण पावसाचं पाणी वरून खाली येतं. गंज स्पंजाच्या तुकड्याने टिपून टिपून लावा, धुळीसाठी खडूची पूड. इथवर मी मान डोलवत होतो. मग तो म्हणाला की पहिला हात टाकाऊ डब्यावर बसवा, आणि पुरं झालं असं वाटायच्या आधी थांबा. या दोन गोष्टी मी ऐकल्या आणि दुकानातच ठेवून आलो. टाकाऊ डबा आणायचा कुठून? मी तुमच्या धाकटीच्या चष्म्याच्या घरावर सराव केला. गंज हुबेहूब आला. ती आता चष्मा रुमालात गुंडाळून ठेवते.

खरी घाण कशी बसते हे पाहावं म्हणून एका शनिवारी मालगाड्यांच्या यार्डात गेलो. कुंपणाशी उभा राहून वहीत टिपणं काढत होतो तर पहारेकरी आला.

"काय बघताय?"

"घाण," मी म्हणालो. खोटं बोलायचं सुचलं नाही.

"घाण बघायला इथवर आलात? घरी नाही वाटतं?"

मी त्याला सगळं समजावलं. त्याला ते पटलं असं म्हणवत नाही, पण त्याने मला हाकललं नाही, उलट कुठल्या डब्यावर बघण्यासारखी आहे ते बोटाने दाखवलं. त्या माणसाला त्याच्या घाणीचा अभिमान होता.

मग घरी येऊन कामाला लागलो, आणि जे झालं ते असं. पहिला डबा नदीतून काढल्यासारखा झाला. दुसरा फळ्यांचा होता, त्या फळ्यांना मी गंज चढवला. (लाकूड गंजत नाही हे मला माहीत आहे. त्या दिवशी डोक्याला जे माहीत होतं ते हात ऐकत नव्हता.) तिसरा डबा म्हणजे दुधाची टाकी, ती मात्र हलक्या हाताने करायची असं ठरवलं होतं. एका बाजूला ओघळ जास्त झाला म्हणून दुसऱ्या बाजूला तेवढाच केला, मग ती बाजू जड वाटली म्हणून पुन्हा पहिलीकडे आलो, आणि असं करता करता दुधाची टाकी डांबराची झाली. चौथ्या-पाचव्याचं वर्णन करत नाही. तुम्ही डोळ्यांचं पथ्य सांभाळताय, कानांचंही सांभाळायला हवं.

रविवारी संध्याकाळी मी डबे कपाटात परत ठेवले आणि तुमची धाकटी वाचनालयातून आली. चपला काढता काढता तिचं कपाटाकडे लक्ष गेलं. एक चप्पल पायात, एक हातात, अशी ती उभी राहिली.

"हे कुणी केलं?"

"मी."

"मुद्दाम?"

नाना, मी मान डोलावली. चुकून केलं असतं तर ती रागावली असती. मुद्दाम केलं म्हटल्यावर ती खाली बसली. मग तिने मला सांगितलं. तुम्ही रेल्वेच्या कारखान्यात पेंटर होतात एवढं मला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. त्यापुढे अकरा वर्षांत मी काही विचारलं नाही. डब्यांवरचे आकडे आणि अक्षरं तुमच्या हातची असत, एक डबा लिहायला अख्खा दिवस लागे, आणि तो पहिल्याच फेरीत कोळशाने काळा होऊन येई. लहानपणी तुम्ही दोघी मुलींना रविवारी कारखान्यात नेऊन ताजा लिहिलेला डबा दाखवायचात आणि म्हणायचात, "आज बघून घ्या. परवा तो माझा राहणार नाही." हे सहा डबे तुमच्या हातून गेलेल्या खऱ्या सहा डब्यांच्या प्रतिकृती, त्याच आकड्यांच्या, आणि ते कपाटात ठेवलेत ते त्यांना कुठे जावं लागू नये म्हणून. तुमचं जे काम आयुष्यात पहिल्यांदा स्वच्छ राहिलं होतं, त्यावर मी शनिवार-रविवार बसून, चांगला उजेड बघून, घाण लावली. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण मी तर तुमचा हात दाखवला.

दुसऱ्या दिवशी मी कामाला गेलो नाही. साबणाचं पाणी, मऊ ब्रश, कापसाचे बोळे आणि थिनर घेऊन बसलो. ती समोर बसून बोळे वळून देत होती. (ताई, तुमच्या बहिणीचा अबोला तुम्हाला माहीत आहेच, त्याचं वर्णन नको.) पाच डबे स्वच्छ निघाले. आकडे बहुतेक वाचले, फक्त दुधाच्या टाकीवरच्या नवाचं शेपूट थिनरबरोबर आलं आणि त्याचं शून्य झालं. ते शेपूट मी पुन्हा काढलं आहे. रोज दातांवर केसाएवढ्या रेघा ओढणारा माणूस मी, पण ती एक रेघ मला तीनदा पुसून पुन्हा काढावी लागली. तुम्ही ओळखाल. चकाकी मात्र परत आली नाही, कारण चकाकी घालवणारं वार्निश पुरतं निघत नाही. ते डबे आता आंघोळ करून आलेल्या पण झोप न झालेल्या माणसांसारखे दिसतात. सहावा, म्हणजे गार्डाचा डबा, अजून कामात आहे. त्याच्यावरची काजळी हट्टी निघाली.

एवढंच. रागवा, पण डोळ्यावर ताण येईल इतकं नको. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतंत, आणि मी विचारलं नाही, हे मला डब्यांपेक्षा जास्त लागलं आहे. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. कळल्यावर काय होईल ते मला कळत नाही.

तुमचा (अजून ठेवणार असाल तर)
धाकटा जावई

ता. क. — ताई, हे फक्त तुमच्यासाठी. त्यांचं बीपी वर असेल तर पहिला परिच्छेद वाचून थेट सहीवर या. मधल्या पानांबद्दल विचारलं तर कुंड्यांविषयी आहे म्हणून सांगा.

आणखी ता. क. — हे मात्र त्यांना वाचून दाखवाच. नाना, गार्डाच्या डब्याबद्दल वर लिहिलं ते खरं नाही. काजळी हट्टी नाही, मी तिला हातच लावलेला नाही. धाकटीलाही तो भिजत घातलाय म्हणून सांगितलं आहे. तो इथे माझ्या कामाच्या टेबलावर साच्यांच्या मागे उभा आहे आणि हे पत्र मी त्याच्यासमोर बसून लिहितोय. तो सगळ्यात शेवटी केला, तोवर हात बसला होता. गार्ड चढतो ती पायरी बुटांनी घासून चकाकते, धरायची दांडी हातांनी; तेवढी चकाकी मी तिथे आणली. आणि एक गोष्ट मी यार्डात पाहिली होती, ती तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, कारण तुमचे डबे कारखान्यातून गेले की तुम्ही त्यांच्यामागे जात नव्हतात. डबा कितीही बरबटलेला असो, आकड्यापुरती जागा कुणीतरी फडक्याने पुसलेली असते. मी पहारेकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "पुसावंच लागतं. आकडा वाचल्याशिवाय डबा पुढे जात नाही." म्हणून मीही तेवढी जागा पुसली. सगळी काजळी आणि मधोमध तुमचे पाच आकडे, तुम्ही काढले तसे. माझं काम चांगलं झालं तर ते दिसतच नाही, नाना. दात दातांत मिसळून जातो, कोणी बघून हे कुणी केलं असं विचारत नाही. हे दिसतं. मला पश्चात्ताप आहे तो खरा आहे, पण पाच डब्यांपुरता. सहाव्याचा करून पाहिला, होत नाही. तो मला द्याल का? तुम्ही 'धू' म्हणालात तर त्याच दिवशी धुवीन. पण म्हणू नका.