डांबर थापलेला नट

४ जानेवारी १९८३, वाशी

नाही निघाला! पान्ह्याला चार फुटी पाइप लावून दिवसभर लोंबकळलो. पाइप वाकला, नट ढिम्म. माझं गिऱ्हाईक जयप्रकाश, त्याची शर्यतीची गाडी — बेलापूरच्या एका म्हाताऱ्या शेठकडून घेतलेली. मागच्या एक्सलच्या टोकाचा नट निघाल्याशिवाय आतलं बेअरिंग बदलता येत नाही, आणि ते बदलल्याशिवाय गाडी मद्रासच्या रेसला जात नाही. दहा तारखेला ट्रकवर चढवायची. आणि नटावर कुणीतरी डांबर थापलंय. मोटारीच्या नटाला डांबर! कुठल्या गाढवाने आवळलाय कोण जाणे.

५ जानेवारी

रॉकेलमध्ये भिजवून ठेवला. शून्य. शेजारच्या गॅरेजचा पोपट मिस्त्री म्हणतो, "मधू, टेन्शन कशाला घेतो? कटर मार ना!" मारतो! आटे गेले की एक्सलचा शाफ्ट गेला, आणि असला शाफ्ट आता बाजारात मिळत नाही. म्हणजे रेस गेली, आणि मधुकरने गाडी बाद केली हे वाशीभर. मी नाही मारणार कटर.

६ जानेवारी

बोनकोड्याला घरी जेवायला बसलो आणि बेलापूरच्या शेठच्या गाडीचा तो नट आवळणाऱ्या गाढवाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आई हसत होती. बाबा खाली मान घालून मासळीचे काटे काढत होते. त्यांनी चाळीस वर्षं खाडीतल्या होड्यांची इंजिनं दुरुस्त केली, आता हात कापतात. सतराव्या वर्षी मी एका इंजिनाचा बोल्ट तोडला, तेव्हा त्यांनी माझ्या हातातला पान्हा काढून घेतला होता. "तुज्या हाताला घाई हाय." एवढंच म्हणाले. त्यानंतर मी त्यांना माझं काम कधी दाखवलं नाही. अजून डाचतं ते.

आज हात धुता धुता बाबा म्हणाले, "डांबर खरवड. खाली पंचाचे घाव असतील. ते छिन्नीनं काढ. मंग नट तापव, शाफ्ट नको. मेनबत्ती लाव. आन पयला आवळ, मंग सोड."

गाड्यांचं त्यांना काय कळतंय!

७ जानेवारी

घाव होते. तीन. बरोबर नट आणि शाफ्टच्या सांध्यावर पंच ठोकून पाडलेले खळगे! होडीचा नट हादऱ्याने सुटू नये म्हणून असे मारतात. दिवसभर छिन्नीने एकेक घाव काढला. घाई केली नाही.

८ जानेवारी

निघाला!!!

फक्त नटावर गॅसची ज्योत फिरवली. लाल झाला. मेणबत्ती टेकवली, मेण चर्रकन आट्यांत शिरलं. थोडा निवू दिला. मग पान्हा लावून आधी आवळला — केसभर हलला. सोडला. पुन्हा आवळला. कट्ट असा आवाज आला. तुटला? नाही! फिरला! शेवटचे आटे बोटांनी काढले. पोपट बघतच राहिला. "मानलं भावा!" मानायलाच पाहिजे. असा नट वाशीत दुसऱ्या कुणी काढून दाखवावा!

नट घरी नेला. बाबांनी आतून बोट फिरवलं. "तुटला नाय?" म्हटलं, नाही. "बरा झाला," म्हणाले, आणि नट खिशात टाकला.

९ जानेवारी

बेअरिंग बसलं. नवा नट आवळला. पंचाचे तीन घाव मारले. आणि डांबर थापलं. हसू दे लोकांना.

२३ जानेवारी

मद्रासहून जयप्रकाशचा ट्रंककॉल — दुसरा नंबर!! ओरडत होता, "मागचं चाक एकदम पक्कं, मिस्त्री!" पेढे वाटले. छाती इतकी फुगली की शर्टाचं बटण तुटलं असतं.

२४ जानेवारी

सकाळी दाढी करताना ध्यानात आलं — घरी मी नटाबद्दल बोललो, डांबराबद्दल नाही! बाबा ओटीवर बसले होते. विचारलं, "डांबर तुम्हाला कसं कळलं?"

खिशातला नट काढून चोळत बसले. मग म्हणाले, "बेलापूरच्या शेठनं गाडी आनली व्हती, चौसष्ट साली. चाक सारखा सुटायचा. मंग येकदाचा ठोकून बंद केला." आणि हसले.

"त्यो गाढव मीच."