नव्या बोटीवर भंडारा

गोवा, बोटींचा कारखाना

आये, बिरदेवचा लांबूनच तुझ्या पायाला हात.

फोनवर तुला नीट ऐकू येत न्हाई, म्हणून लिवतोय. स्वप्नाली सूनबाईकडनं वाचून घे.

मी वेल्डिंग केलेली इंजिनाची स्टीलची बोट काल पाण्यात उतरली. एका म्हाताऱ्या जोडप्यानं ती ऱ्हायला बांधून घेतलीया. मालकिणीचा गुडघा दुखतो, म्हणून सैपाकाचा ओटा तिच्या सोयीनं केलाय. तुझा गुडघा कसा हाय?

नारळ फुटला आन् माझा हात आपसूक खिशात गेला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत तू दिलेला भंडारा उधळला. वरचा पांढरा रंग अजून ओलाच होता. सगळं पिवळंधम्मक! सायेब लय खवळला. वाटलं, गेली नोकरी. पण मालकीण हसली. म्हणाली, "राहू दे, आमची बोट लांबूनही ओळखू येईल."

उद्या समुद्रात पयली फेरी. वेल्डर संगं पायजेच, म्हणती. मी व्हय म्हणलंय.

पाण्याचा टँकर येळेवर येतोय का? मेंढरं बरी हायती?

तुझाच,
बिरदेव

ता. क. स्वप्नाली, एवढं आयेला वाचून दावू नको. मला पवता येत न्हाई, ह्ये मालकिणीला सांगायचं ऱ्हायलंय.