आत्यांचं वेगळं ताट

१८ नोव्हेंबर १९९८
आज आत्यांची खाट कांद्याच्या रिकाम्या चाळीत टाकली. सासू असली म्हणून काय झालं, टीबी तो टीबी! यांनी फटींना बारदान ठोकलं. माझ्यावर रागावलेत. रागावू देत! घरात चार वर्षांची पोर आहे. अंगणवाडीत बायांना मीच सांगते — खोकणाऱ्याचं ताट वेगळं ठेवा. मग घरात दुसरं कसं करू?

२ डिसेंबर
थुंकी दुसऱ्यांदा तपासली. जंतू नाहीत. गावातले डॉक्टर म्हणाले, "छातीच्या फोटोत डाग आहेत, गोळ्या चालू ठेवा." चालू आहेत.

२५ डिसेंबर
वृषाली चाळीकडे पळाली. धपाटा घातला, म्हटलं, आजी दिसली की आधी नाक झाकायचं. आतून आत्या म्हणाल्या, "मारू नगं गं नूतन. म्या न्हाई घेत तिला."

१४ जानेवारी १९९९
संक्रांत. आत्यांचा तिळगूळ पायरीवर ठेवून आले. हातात नाही दिला. पाया तर लांबूनच पडले.

९ फेब्रुवारी
गोळ्यांनी गुण नाही, आत्यांचा नुसता सापळा उरलाय. मंचरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छाती बघितली — डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ! "किती दिवसांची?" आत्या खाली बघून म्हणाल्या, "दोन वर्सं झाली. लाज वाटायची. सुनंला सांगावं म्हणलं, पर तिला येळ कुठं व्हता?"
खरंय. गावभर लोकांच्या पोरांची वजनं करत हिंडले. घरातलं माणूस झडत चाललं, ते दिसलं नाही. गाठीत सुई घालून तपासायला पाठवलंय.

१७ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. कॅन्सर. स्तनातून दोन्ही फुफ्फुसांत पसरलाय. "हा टीबी नव्हताच," डॉक्टर म्हणाले. "आधी आणायला हवं होतं." यांनी भिंतीला डोकं टेकलं.
एसटीत आत्यांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "म्हंजी कुणाला लागायचा न्हाई ना?"
"नाही, आत्या."
"मंग लई ब्येस झालं! आता पोरीला मांडीवर घेती." आणि हसल्या! तीन महिन्यांत पहिल्यांदा. मी खिडकीकडे तोंड करून रडले. काय केलं मी हे? थंडीत, एकटीला, फुकट!

१८ फेब्रुवारी
आत्यांना माजघरात आणलं. दोन्ही हात पुढं करून बसल्या. वृषालीनं फ्रॉकचं टोक नाकाला लावलं आणि लांबूनच म्हणाली, "आजी, तू चाळीत जा ना."