आफ्रिकेवरून झालेलं आपलं भांडण

सर,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग माझा पुरता गेला न्हाय. दुष्काळातली ती सकाळ आठवते. आई-बाबा खडी फोडायला गेलेले, मी उस्मानाबादला बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलेली, आणि वर अभ्यास मंडळाची पुढारी! आफ्रिकेतल्या एका विचारवंताचा मासिकातला फोटो आम्ही फ्रेम करून आणला, झेंडूचा हार घातला, उदबत्ती लावली. तुम्ही दारातूनच म्हणालात, "झाली का पूजा? आता ह्याच्याशी भांडा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आम्हा बौद्ध वस्तीतल्यांचं आणि त्या आफ्रिकेतल्या माणसांचं दुःख एक, तुम्हा गावातल्यांना काय कळणार, असं तोंडावर बोलले मी. तुम्ही चिडला न्हाईत. "दुःख एक असलं म्हणून विचार तपासायचा न्हाय व्हय गं?" म्हणालात, आणि औरंगाबादच्या चर्चासत्रात वाचायच्या माझ्या निबंधावर सही न करताच गेलात.

मग बसले भांडायला. समाजामुळंच माणूस माणूस होतो, असं ते विचारवंत मांडतात. मला ते लई आवडलेलं. पण समाज आमच्या भूम तालुक्यातही होताच की! त्यानंच आम्हाला विहिरीपासून लांब ठेवलं. मग समाजानं बाहेर ठेवलेला माणूस कोण? तिकडंही अशी माणसं असणारच, असं मी निबंधात नव्यानं लिहिलं. मंडळात हे विचारलं तर पोरं बिथरली. "आपल्याच माणसांवर उलटलीस व्हय?" म्हणत अर्धी उठून गेली. उरलेल्यांना घेऊन मी दर रविवारी बसत राहिले. तुम्ही सतरंजीच्या कडेला येऊन बसायचात. शेवटी सही केलीत, पण म्हणालात, "आपला समाज तसा, म्हणून आफ्रिकेतलाही तसाच, हे कशावरून? चुकतीयेस तू."

औरंगाबादला निबंध वाचून संपवला आणि तिथं शिकायला आलेला एक आफ्रिकन मुलगा उठून उभा राहिला. म्हटलं, आता आपली काही धडगत न्हाय. तो म्हणाला, आमच्याकडंही काही माणसांना असंच बाहेर ठेवतात, पण आमच्यात कुणी ते बोलत न्हाय, तू बोललीस. सर, कधी एकदा तुम्हाला सांगते असं झालं मला! एसटीतून उतरले ती पिशवीसकट थेट तुमच्या घरी. दारात माणसं गोळा झालेली.

लई रडले. काय माया होती पोरीची सरांवर, असं सगळे म्हणाले. होतीच. पण हे पत्र कुठं टाकायचं न्हाय, म्हणून खरं सांगते. मी जिंकले हे तुम्हाला सांगायचं राहिलं, त्यासाठी जास्त रडले.